पडद्याआडची झडती

"माझ्या बॅगेत बॉम्ब आहे," मुलगी म्हणाली.

सुमेधाचा हात तिच्या खांद्यावरच थांबला. नवी मुंबईच्या विमानतळावर बायकांच्या झडतीसाठी पडदा लावलेली ती इवलीशी जागा. आत दोघीच. मुलगी शाळकरी दिसत होती.

सुरक्षा दलात आल्यापासून हा शब्द सुमेधानं फक्त प्रशिक्षणात ऐकला होता. विमानं पळवली गेली, हल्ले झाले, आणि दर वेळी कायदा आणखी कडक होत गेला. आता नुसती धमकी देणं हाही गुन्हा होता. मस्करी की खरं, हे ठरवणं सुमेधाच्या हातात नव्हतं. ऐकलं की कळवायचं, एवढंच.

तरी तिला त्या चेहऱ्याची दया आली.

"मी काही ऐकलं नाही," ती कुजबुजली. "पुन्हा हा शब्द काढू नकोस. आयुष्याचं वाटोळं होईल. जा."

मुलगी हलली नाही. तिनं एकदम पडदा बाजूला सारला आणि रांगेकडे तोंड करून ओरडली, "माझ्या बॅगेत बॉम्ब आहे!"

सामान तपासणीचा पट्टा जागच्या जागी थांबला. कुणाच्या तरी हातातला ट्रे खाली पडला. एका बाईनं आपलं मूल छातीशी घट्ट धरलं आणि माणसं मागे पळू लागली. सुमेधानं वॉकी-टॉकीवर कळवलं तेव्हा तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. कामोठ्याला तिची लेक आता शाळेतून घरी आली असेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"म्याडम, मस्करी केली पोरीनं!" मुलीचा मामा धावत आला. जवळच्या जासई गावचा शिवराम. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. "कदी इमानात बसली नाय ती. जाव द्या. नागपूरला पोचाचा हाय आमाला, लोक थांबल्यान तिथं."

त्याला कुणी जाऊ दिलं नाही. दोन जवानांनी त्याला वेगळीकडे नेलं. मुलीला सुमेधा आतल्या खोलीत घेऊन बसली. बाहेर कुत्रा भुंकला. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत सुमेधा कानात प्राण आणून बसून राहिली. मुलगी मात्र खिडकीबाहेरच्या धावपट्टीकडे बघत होती.

बऱ्याच वेळानं सुमेधाचे साहेब आत आले. "बॅगेत काही नाही," ते म्हणाले. "विमान यांना सोडून गेलं. पोलीस येतायत."

त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. चेन उघडीच होती. आत हिरवा शालू, हिरव्या बांगड्यांचं खोकं, हळदीची पुडी आणि मुंडावळ्या.

"कुणाचं लग्न आहे?" सुमेधानं विचारलं.

"माझं. उद्या."

"वय काय तुझं?"

"सोळा." मुलीनं आपलं नाव ईश्वरी सांगितलं. नवरा मामापेक्षाही मोठा आहे, विमानाची तिकिटं त्यानंच पाठवली, असंही ती म्हणाली.

सुमेधाची भीती ओसरली होती, आता तिला राग आला होता. "अगं, मग पडद्याआड मला हे सांगायचं ना! तू काय बोललीस त्याची शिक्षा ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक हाय." ईश्वरीनं बॅगेची चेन लावली. "शाळेत बाईंना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, आत्याला सांगितलं. सगळ्यांनी मला समजावलं आणि मामाच्या हातात परत दिलं. आता तुमी नाय ना देऊ शकत?"