एका उतारावरची वाइन

जुझेप्पेंनी बाटलीचं बूच काढलं तेव्हा गुणवंतरावांनी लेकीकडे पाहिलं, आणि लेकीने छताकडे.

ईश्वरीला लुकाशी लग्न करायचं होतं. लुकाचे वडील जुझेप्पे त्यासाठीच इटलीहून दुबईला आले होते आणि शनिवारच्या दुपारी लुकाच्या फ्लॅटवर सगळे जेवायला बसले होते. अबुधाबीहून निघतानाच गुणवंतरावांनी बायकोला, सुहासिनीला, बजावलं होतं की आज शब्द द्यायचा नाही, नुसतं ‘बघू’ म्हणायचं. बावीस वर्षं आखातात काढून त्यांनी आपल्या ‘बघू’ला ‘इन्शाल्ला’ची जोड तेवढी दिली होती. त्यापुढे त्यांची गाडी कधी गेलीच नव्हती.

जुझेप्पे बोलत होते आणि लुका ते इंग्रजीत सांगत होता. घराखालचा एकच उतार, त्यावर आजोबांनी लावलेले वेल. बाटलीत दुसऱ्या मळ्यातलं एक द्राक्षही पडत नाही. शेजाऱ्याची द्राक्षं चांगली आहेत, पण ती शेजाऱ्याची. घरातली प्रत्येक सोयरीक याच उताराच्या ग्लासावर ठरली, लुकाच्या आईचीसुद्धा.

गुणवंतराव जन्मात दारूला शिवले नव्हते. ऑफिसच्या पार्टीत ते लिंबूपाणी घेऊन कोपरा धरत. पण समोरच्या म्हाताऱ्याने ग्लास इतक्या मायेने पुढे केला, की नाही म्हणायची त्यांना लाज वाटली. डोळे मिटून त्यांनी घोट घेतला.

मुळीच कडू नव्हती. लोक उगाच वाया जात नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या ग्लासाला त्यांचे कान गरम झाले. जुझेप्पेंनी आणखी एक बाटली उघडली, तिसरा ग्लास भरला, आणि गुणवंतरावांची जीभ सुटली. याला जांभळाचा वास आहे, मागून थोडी मातीची चव येते, असं त्यांनी ठासून सांगितलं. लुकाने ते वडिलांना सांगताच म्हातारा गहिवरला.

मग गुणवंतरावांनी थेट व्याह्यांच्या खांद्यावर हात टाकला.

“पोरगी लांब जाईल याची मला भीती वाटते, म्हणून मी बघू बघू करतो. तुमचा मुलगा तिला हसवतो. मला तो पहिल्याच भेटीत आवडला होता, पण बोललो नाही. माझा होकार आहे.”

सुहासिनीने हातातला चमचा खाली ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण सलग चार वाक्यं तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकली नव्हती. जुझेप्पेंनी त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. गुणवंतरावांनी तेही घेऊ दिले.

खाली पार्किंगमध्ये उन्हाची झळ लागली आणि ते भानावर आले. आपण हे काय बोलून बसलो?

“ते काही मनावर घेऊ नका,” ते मायलेकींना म्हणाले. “प्यायलेल्या माणसाचा शब्द कुणी धरत नाही. शुद्धीवर आलो की बघू.”

 दार उघडून ईश्वरी सरळ स्टिअरिंगवर बसली.  गुणवंतरावांनी तिचा दंड धरला.

“अगं, तूही दोन ग्लास घेतलेस. इथे प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही. टॅक्सी बोलव.”

“बसा हो बाबा,” गाडी सुरू करत ईश्वरी म्हणाली. “तुम्ही घेत नाही, म्हणून अंकलनी दोन्ही बाटल्यांत त्याच उताराचा नुसता द्राक्षांचा रस भरून आणला होता.”