व्हॅलेटाचा लाल सज्जा

माल्टाचा व्हिसा तिसऱ्या खेपेला मिळाला, तेव्हा आखातातल्या अबू हलीफाच्या आमच्या इवल्याशा हॉलमध्ये मी शाल्मलीला कडेवर घेऊन नाचले.

माझी लेक तीन वर्षांची झाली, पण अजून एक शब्द बोललेली नव्हती. डॉक्टर म्हणायचे, तिला ऐकू येतं, सगळं कळतं, वाट बघा. मी वाटच बघत होते.

दुपारी कुकर लावला, तिला मांडीवर घेतलं आणि टॅबवर माल्टाच्या राजधानीच्या, व्हॅलेटाच्या गल्ल्या उघडल्या. राहायला खोली शोधायची होती. बोट सरकवलं की फोटोतला रस्ता पुढे जायचा.

मी डावीकडे वळले. शाल्मलीनं माझं बोट धरून उजवीकडे ओढलं.

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

पायऱ्यापायऱ्यांची गल्ली उतरलो. पुन्हा एक वळण आलं, मग आणखी एक. ती कुठेच अडली नाही. एका लाल लाकडी सज्ज्याखाली तिनं माझं बोट सोडलं. वर एक बाई उभी होती. अशा फोटोंत सगळ्यांचे असतात, तसा तिचाही चेहरा पुसट होता.

"आई," शाल्मली म्हणाली.

मी ओरडलेच! तिचे मुके घेतले, रडले, हसले, शहरात शर्क भागातल्या ऑफिसात नवऱ्याला फोन लावला. "दत्ता, बोलली रे! आई म्हणाली!"

"काय सांगतेस! स्पीकरवर टाक. शमू, पुन्हा म्हण बरं, आई!"

शाल्मलीनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं टॅब जवळ ओढला, त्या बाईपाशी ओठ नेले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, मी येतेय."