बत्तिसावा नमस्कार

तळेघरची एसटी घोडेगावच्या स्टँडात शिरली, तेव्हा कुंडलिक सर अर्ध्या तासापासून स्वतःच्याच क्लासच्या फ्लेक्सखाली उभे होते. फ्लेक्सवरचे सर हसत होते. खालच्या सरांना ते जमत नव्हतं.

त्यांना मोहिनीला गाठायचं होतं. दुपारी पुण्यात तिची तलाठी भरतीची परीक्षा, आणि इंग्रजीचा अकरावा सराव-संच सरांनी तिला धडधडीत चुकीचा शिकवलेला. प्रश्न अकराव्या संचाचे, उत्तरं बाराव्याची. गाइडची दोन पानं वडापावच्या तेलानं एकमेकांना चिकटली होती, हे सरांना काल संध्याकाळी कळलं. त्यांनी लगोलग क्लासच्या ग्रुपवर बरोबर उत्तरं टाकली. वर लिहिलं, ‘छापणाऱ्याच्या चुकीमुळे’. तेलाचं कुठं लिहीत बसायचं! बत्तीस पोरांपैकी एकतीस जणांचे जोडलेले हात आले. मोहिनीचा फोन बंद.

दुसरं कुणी असतं, तर सर एवढ्या सकाळी उठले असते का, कोण जाणे. क्लासचा नियम असा, की ज्याचं उत्तर चुकलं त्यानं उभं राहायचं, पुढचा चुकेपर्यंत. गेल्या मंगळवारी मोहिनी दुसऱ्याच प्रश्नाला उभी राहिली ती राहिलीच. बाकीचे हुशार. सरांच्या ओठांकडे बघून पर्याय फिरवत होते. ही मात्र अडून राहिली. एका वाक्यात तीन क्रियापदं आली, पहिली दोन एका धाटणीची, मग तिसरं पण तसंच पाहिजे ना, असं तिनं विचारलं.

“हे काय तळेघरचं भात हाये का, एका ओळीत लावायला?” सर म्हणाले होते.

वर्ग पोट धरून हसला. पुढं एका वाक्प्रचारालाही तिचाच पर्याय बरोबर होता; तिथंही सरांनी तिला हसण्यावारी नेलं. मग शेवटच्या गाडीची वेळ झाली, तेव्हा उरलेली उत्तरं घडाघडा वाचून वर्ग सोडला.

मोहिनी खांद्याला पिशवी लावून उतरली. सरांना बघून थबकली.

“सर, तुमी? गावाला निघालात का?”

सरांनी येताना गाडीवर घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. अकराव्या संचात जरा गडबड झालीय, छापणाऱ्याची, तू पाठ केलेलं सगळं विसर. खिशातून उत्तरांचा कागद काढून पुढं केला.

तिनं कागद घेतला, पण उघडला नाही. “माहितीये, सर. प्रश्न पंचवीस व्हते. तुमी उत्तरं तीस सांगितली.”

सरांचा हात तसाच पुढं राहिला.

ती मान खाली घालून सांगत गेली. सरांनी दुसऱ्याच संचाची उत्तरं वाचली, हे त्याच दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं वाचनालयात बसून सगळी उत्तरं नीट काढली, पोरांच्या ग्रुपवर टाकली. क्लासच्या नव्हे, दुसऱ्या. त्यात सर नाहीत.

“मग मला का नाय सांगितलं?”

“सांगणार व्हते.” ती जरा घुटमळली. “पण तुमी मला बस म्हणला न्हवता.”

पुण्याच्या गाडीपाशी कंडक्टर ओरडू लागला. सरांना बरंच बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की खिडकीपाशी बस, ऊन नसलेल्या बाजूला.

खिडकीत बसल्यावर मोहिनीनं चार्जिंग टिकावं म्हणून बंद ठेवलेला फोन चालू केला. कालपासून साचलेले मेसेज टिंग टिंग करत येऊ लागले. त्यातला एक तिनं उघडला. वाचला. तिची नजर एका ओळीवर थांबली, ते सरांना खालून दिसलं. ती ओळ कुठली, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग अंगठ्यानं काहीतरी दाबून फोन पिशवीत टाकला. गाडी हलली.

सरांच्या खिशात फोन थरथरला. काढून बघितलं, तर जोडलेले हात. बत्तिसावे.