तीन वाक्यं

"लुक आफ्टर," गुरुदत्त म्हणाला. "याची रोजच्या बोलण्यातली तीन वाक्यं करून दाखवा."

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या. मालिनीची उंची बघून झाली होती, चालणं बघून झालं होतं, विणकाम बघून झालं होतं. राहिलं होतं ते इंग्रजी. मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर, आता कानपूरला बदली झालेला. तिथे साहेबलोकांत वावरायचं तर बायकोला बोलता आलं पाहिजे, असं त्याच्या मामांनी आधीच कळवलं होतं.

विष्णुपंतांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण लेक मॅट्रिक झालेली, त्यामुळे त्या बाबतीत ते निर्धास्त होते. त्यांची नजर जात होती ती मागच्या पडद्याकडे. बदलापुरातल्या त्या दोन खोल्यांत, पडद्याआड, मालिनीची आई पडून होती. अर्धांग गेल्यापासून तिला कूस बदलायलाही मालिनी लागे. हे कळलं की स्थळं माघारी जात. म्हणून आज विष्णुपंतांनी पाहुण्यांना ठोकून दिलं होतं, "आमची मंडळी जांभूळला गेलीय, भावाकडे." आणि मंडळीला बजावलं होतं, खोकायचं नाही.

"बाबा, मी गेल्यावर आईचं कोण करील?" मालिनीने सकाळीच विचारलं होतं.

"होईल काहीतरी," म्हणत ते पाहुण्यांसाठी सतरंजी झटकू लागले होते.

बापापुढे तिचं काही चालणार नव्हतं. पण या खोलीत इंग्रजी कळणारी माणसं दोनच होती, ती आणि हा समोर बसलेला मुलगा. हे लक्षात आलं आणि तिला एकदम धीर आला.

"आय लुक आफ्टर माय मदर," ती म्हणाली. आईला मी सांभाळते.

विष्णुपंतांनी कौतुकाने मान डोलावली.

"देअर इज नो वन एल्स टु लुक आफ्टर हर." तिचं करायला दुसरं कोणी नाही.

गुरुदत्तने वर पाहिलं.

मालिनीने पडद्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "हू विल लुक आफ्टर हर व्हेन आय गो?" तिचा आवाज चिरकला.

"घाबरू नकोस गं, छान जमतंय," विष्णुपंत म्हणाले.

पडद्यामागून दाबून धरलेला खोकला आलाच. गुरुदत्तची नजर तिकडे गेली, तिथे जरा थांबली, मग मालिनीच्या डोळ्यांवर आली. त्याला सगळं कळलं होतं. आता तो नाही म्हणेल, निदान काही विचारील तरी.

"काय रे, काय म्हणाली ती?" मामांनी विचारलं.

गुरुदत्तने रुमालाने हात पुसले. रुमालाची घडी घातली.

"तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, मामा. मुलगी पसंत आहे म्हणून सांगा."