गळ्यातली चावी

चावी अर्धी फिरली आणि दार उघडलं. ना कुरकुर, ना खटका. चावीवाल्याच्या हाताला अजून तोड नव्हती, भले बाकी सगळ्याची माती झाली असेल.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून तो या घरात आला, त्याला आज तीन महिने झाले होते. दारू सोडलेले सहा पुरुष, एक स्वयंपाकघर आणि एक बावळट नियम: पहिलं वर्षभर चावी मिळणार नाही. बाहेरून आलं की बेल वाजवायची. ज्याची पाळी असेल तो दार उघडणार, क्षणभर तोंडाकडे टक लावून बघणार आणि मग म्हणणार, "ये." चावीवाल्याचं डोकंच फिरायचं. वीस वर्षं त्याने अख्ख्या गावाची कुलपं उघडली, आणि त्यालाच उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचं?

"मी काय चोर आहे का?" त्याने मास्तरांना तोंडावर विचारलं होतं. मास्तर म्हणजे घरातले सगळ्यात जुने, सहा वर्षांत थेंबाला न शिवलेले. ते नुसते हसले. "नियम आहे बाबा." आणि त्यांच्या स्वतःच्या गळ्यात दोऱ्याला चावी लटकत होती! वा रे न्याय! त्याच आठवड्यात मास्तर आंघोळीला गेले आणि चावी खुंटीला राहिली. साबणाच्या वडीवर छाप घ्यायला कितीसा वेळ लागतो? तेव्हापासून नक्कल खिशात पडून होती. आज कामाला आली.

आज दुपारी तो स्वतःच्या घरी गेला होता. तीन महिने निभावले, एवढं सांगायला. बघतो तर दाराला नवं कुलूप! तेही कुठल्या तरी गाढवाने बसवलेलं, पट्टीसुद्धा सरळ नव्हती. साखळी न काढता बायको फटीतून म्हणाली, "पुढच्या वेळी आधी फोन करा." बस्स. बसा नाही, पाणी घ्या नाही. मरमर मरून हेच पदरात पडायचं होतं तर कशाला सोडली? तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने बाटली घेतली आणि पिशवीत टाकली. खड्ड्यात गेले सगळे.

आत कोणी नव्हतं. दार उघडायची पाळी सहांतल्या ड्रायव्हरची होती, पण तो मागच्या अंगणात शीळ घालत कपडे वाळत टाकत होता. बारा पायऱ्या चढल्या की खोली, मग आतून कडी. कोणाला पत्ता लागणार नव्हता. स्वतःच्या घरीही तो असाच गुपचूप आत शिरायचा, चावी होती ना! बायकोला कळायचं ते सकाळी, उलटीच्या वासाने.

तो तिसऱ्या पायरीवर होता तेव्हा बेल वाजली. पुन्हा वाजली. ड्रायव्हरच्या कानात काय बोळे होते कोण जाणे. तिसऱ्यांदा वाजली तसा चावीवाला शिवी हासडत खाली उतरला आणि त्याने दार खेचलं.

दारात मास्तर उभे होते.

"गळ्यात चावी आहे ना तुमच्या? मग माझ्या डोक्याला ताप कशाला?" तो खेकसला.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आहे. पण आजवर एकदाही लावली नाही." त्यांनी चौकट घट्ट धरली. "आज गुत्त्यासमोरून तीनदा गेलो रे. बघ माझ्याकडे. नीट बघ, आणि मग आत घे."

चावीवाल्याने बघितलं. ओठ थरथरत होते, डोळे लाल होते, पण वास नव्हता. तो दारातून बाजूला झाला.

"या," तो म्हणाला.

मास्तर आत आले. चपला काढता काढता थांबले. मागच्या अंगणातून शीळ ऐकू येत होती.

"तुला दार कोणी उघडलं?" त्यांनी विचारलं.

चावीवाल्याने खिशातून चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मग तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं, पिशवीचं तोंड उघडं धरलं आणि बेल वाजवली.