गोळीची आठवण

बाबा गेल्यापासून आई बीपीची गोळी हमखास विसरायची. म्हणून मी ॲप बनवलं आणि तिच्या मोबाईलवर टाकलं. रोज सकाळी आठला सर्व्हरने तिला मेसेज पाठवायचा. पण ॲप सर्व्हरला जोडायचं सॉफ्टवेअर आठवडाभर माझीच टर उडवत होतं. आज एकदाचं जुळलं. फक्त 'जोडा' दाबायचं राहिलं.

"आई, उद्यापासून तुला मेसेज येईल बघ!"

"उद्यापासून काय? आठवडा झाला, रोज येतोय की. 'अगं ए, गोळी गिळलीस का?' बाबांची नक्कल झकास जमलीय हो तुला, वात्रटा!"

"आई... ॲप अजून जोडलेलंच नाहीये."

आईची सुरी भाजीवर थांबली. तिने आपला मोबाईल माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"मग नको जोडूस."