झेपेल तेवढं भाडं

“भाडं मी सांगणार न्हाई. तुम्हाला किती झेपंल ते तुम्ही सांगा,” कमलम्मा म्हणाली आणि पदर सावरून खांबाला टेकून बसली.

हा धडा तिला शेजारच्या गुणाबाईनं दिला होता. लातूरचा नवा जिल्हा झाल्यापासून गुणाबाईनं आपल्या खोल्या चढ्या भावानं दिल्या होत्या. “आपण आकडा बोलायचा न्हाई,” ती म्हणायची. “आधी त्याची ऐपत काढायची. पगार किती, घरी किती धाडतो, खाणारी तोंडं किती. मग त्याला झेपंल त्याच्या वर धा रुपये.”

कमलम्मानं सगळे प्रश्न पाठ केले. वरचे दहा रुपये मात्र तिला कधी लावता आले नाहीत. कारण तिला भाडेकरू नकोच होता. तिला जावई हवा होता.

उमादेवी तिची एकुलती एक. देगलूरच्या शाळेत दोन वर्षं शिकवून ती यंदा घरी परतली होती, आणि आलेलं एकेक स्थळ न पाहताच परत लावत होती. पाहुणे येणार म्हटलं की तिचं डोकं दुखायला लागायचं. बापाचा हट्ट वेगळाच. शरणप्पाची गंजात, म्हणजे मोंढ्यात, धान्याची आडत होती. जिथं पाणी नाही त्या गावात पोरगी द्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. त्या साली तर पाणी कुठंच नव्हतं.

अशात लातूरला कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांमागून कारकून आले. कमलम्माच्या परसातल्या आडाला अजून पाणी होतं, त्यामुळं खोली बघायला रोज कुणीतरी दारात उभं राहायचं. पाहुणा म्हणून आला तर पोरगी आत दडते. भाडेकरू म्हणून राहिला तर येता-जाता दिसेल तरी, असा तिनं हिशेब घातला.

एक ओव्हरसियर दीडशे द्यायला तयार होता, पण त्याला बायको होती. “खोली गेली,” कमलम्मानं सांगून टाकलं. शरणप्पा दिवसभर धुसफुसत राहिला. दुसऱ्याला बायको नव्हती, पण सकाळी अंडी लागायची. त्याला तिनं दोनशे सांगितले.

आणि आज हा मल्लिकार्जुन. कलेक्टर कचेरीत कारकून, अंगानं सडपातळ, कपाळावर भस्माची पुसट बोटं. आल्या आल्या त्यानं तिला आईला म्हणावं तसं ‘अव्वा’ म्हटलं, तेव्हाच ती अर्धी विरघळली होती.

“ऐंशी झेपतील,” तो म्हणाला.

“घरी किती धाडता?”

“निम्मा पगार. आई-वडील मुखेडला असतात, देगलूरच्या जवळ. धाकटी बहीण शिकून राहिली.”

“मग ऐंशी कुठून देता? सत्तर द्या.”

चौकटीत उभ्या शरणप्पानं बायकोकडं असं पाहिलं, जणू तिनं ज्वारीचं पोतं रस्त्यावर ओतलं.

“रान किती हाय?” त्यानं मधेच विचारलं.

“हाय थोडं. कोरडवाहू.”

“कोरडवाहू,” शरणप्पा म्हणाला, आणि त्याच्यापुरता तो विषय तिथंच मिटला.

कमलम्मानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “आपला जिल्हा सोडून इकडं कामून आलात? इथं तर प्यायला पाणी न्हाई.”

“बदली मागून घेतली. पाण्यासाठी आलो न्हाई, अव्वा.”

बढतीवर डोळा असेल. हुशार आहे. कमलम्मानं मनात तेही जमेला धरलं. “साठ द्या,” ती म्हणाली. “खोली बघता का?”

“तुम्ही द्याल ती चालंल.”

एवढ्यात उमादेवी चहा घेऊन बाहेर आली. कुणी हाक मारली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. तिनं बापाला कप दिला, मग पाहुण्याला. त्यानं खालमानेनं घेतला, वर पाहिलंसुद्धा नाही. पोरगी आत न जाता दाराशीच थांबली. कमलम्मानं मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ कबूल केला.

“पन्नास,” ती म्हणाली. शरणप्पाला ठसका लागला.

आता मुद्द्याचं विचारायला हरकत नव्हती. तिनं आवाज मऊ केला. “घरचे लग्नाचं काही बघून राहिलेत का?”

“लग्न झालं, अव्वा.”

कमलम्माचा चेहराच उतरला.

“मग भाडं शंभर,” शरणप्पा झटकन म्हणाला.

तिनं त्या पोराकडं पाहिलं. शर्टाची कॉलर विरलेली, गाल बसलेले. खानावळीचं जेवण अंगी लागत नसणार. त्याचा यात काय दोष? इतक्या जणांत हा एकच असा आला होता की ज्याला परत लावायचं तिच्या जिवावर येत होतं.

“पन्नासच,” ती नवऱ्याला म्हणाली. “बोलले ते बोलले.” मग मल्लिकार्जुनकडं वळली. “बायको कुठं असती?”

“माहेरीच हाय.”

“आणि तुम्ही हॉटेलात जेवता?” कमलम्माला मनापासून राग आला. “कसले हो आईबाप? जावई उपाशी फिरून राहिला आणि लेक घरात ठेवून घेतली. कुठलं माहेर तिचं? तुम्हाला बोलवत नसंल तर मी निरोप धाडते. चांगली खरडपट्टी काढते त्यांची.”

मल्लिकार्जुननं कपबशी खाली ठेवली. उमादेवी अजून दारातच उभी होती.

“हेच घर, अव्वा,” तो म्हणाला.